लखनौची लूट : एका शब्दाचा प्रवास



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण लुटतात. बोरन्हाणात मुले बोरे लुटतात, दसऱ्याला सारा गाव सोने लुटतो. यांपैकी कोणीही चोर नसतो. वाण लुटणे याचा अर्थ तर चक्क देणे असा आहे. हाच शब्द इंग्रजीत ‘लूट’ या उच्चाराने नांदतो. मात्र इंग्रजीने त्याचा केवळ एकच अर्थ उचलला, आणि तो का उचलला हे समजण्यासाठी लखनौला जावे लागते.

शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘लुण्ट्’ या धातूकडे नेले जाते. तेथून हिंदीत ‘लूट’ आला आणि कंपनी सरकारच्या चाकरांच्या तोंडी रुळला. 1788 साली छापलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या एका इंग्रजी संग्रहात तो अर्थासह आढळतो. इंग्रजीला शब्दांची वाण नव्हती. जर्मनमधून आलेला ‘प्लंडर’ होता, फ्रेंचमधून आलेला ‘पिलेज’ होता. तरीही हा तिसरा शब्द स्वीकारला गेला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने त्याचे कारण नोंदवले आहे : चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि 1857-58 चा उठाव यांच्या काळात हा शब्द हळूहळू विलायतेत रुजला.

आता लखनौ. नवाब वाजिद अली शाह यांनी बांधलेला कैसरबाग 1850 च्या सुमारास पुरा झाला. 1856 मध्ये अवध खालसा झाले आणि नवाब कलकत्त्यास गेले. मार्च 1858 मध्ये सर कॉलिन कॅम्बेलच्या फौजेने शहर पुन्हा जिंकले. 14 मार्चला कैसरबाग पडला. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तेथे हजर होता. जरीचे सोने-चांदी निघावे म्हणून भरजरी शाली आगीत टाकणारे शिपाई त्याने पाहिले व आपल्या दैनंदिनीत नोंदवले. शत्रूने नव्हे, विजेत्यांच्याच माणसाने लिहिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

येथे एक बारीक भेद ध्यानी घ्यावा. जो माल सरकारात जमा होऊन दर्जाप्रमाणे वाटला जाई, त्यास ‘प्राइझ’ म्हणत; त्यासाठी खास अधिकारी नेमलेले असत. जो परस्पर खिशात जाई, ती ‘लूट’. ज्याची शाल गेली त्याच्या दृष्टीने दोहोंत अंतर ते काय? झाशीत विष्णुभट गोडसे यांनी असाच विध्वंस डोळ्यांनी पाहिला आणि ‘माझा प्रवास’मध्ये तो मराठीत उतरवला, तेथे मात्र एकच शब्द पुरला.

मराठी माणसानेही आरशात पाहावे. सुरतेच्या 1664 आणि 1670 च्या घटनांना आपण अभिमानाने ‘सुरतेची लूट’ म्हणत आलो. अलीकडे काहींना तो शब्द खुपतो. 1742 नंतरच्या बंगालवरील स्वाऱ्यांतले ‘बारगीर’ तेथे ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतांत मुलांना भिववीत राहिले. शब्द कोण उच्चारतो यावर त्याचा रंग ठरतो.

पुढे 1860 मध्ये चीनच्या बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला. तेथून आणलेले एक पेकिनीज कुत्रे व्हिक्टोरिया राणीस भेट मिळाले. त्याचे नाव काय ठेवले असेल? ‘लूटी’! त्याचे तैलचित्रही काढले गेले. अवघ्या काही वर्षांत शब्दातील रक्त वाळून तो लाडका झाला होता. आज तर संगणकीय खेळातील बक्षिसे, लग्नातील आहेर, हातात आलेला पैसा, सारेच इंग्रजीत गमतीने ‘लूट’ ठरते, आणि आपल्या दुकानांवर ‘महालूट’चे फलक लागतात.

लखनौने मात्र दुसरा अर्थ सोडला नाही. नवाब आसफउद्दौला यांच्या पतंगांना सोन्याचांदीच्या झालरी असत आणि कटलेला पतंग ज्याला सापडे त्याचे दैव उघडे, अशी आख्यायिका तेथे सांगतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ‘जमघट’ला, शहराचे आकाश आजही पतंगांनी भरते. कटलेल्या पतंगामागे गल्ल्यांतून मुले धावत सुटतात, आणि त्यांच्या तोंडी शब्द असतो, ‘लूटो!’