स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांस आदरांजली
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



देवळाच्या या मंगल सोहळ्यात देशासाठी प्राण वेचलेल्या एका तरुणाविषयी चार शब्द बोलावेत, असे समितीने मला सुचविले. मी कचेरीतला कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंतचे. भाषणाची सवय नाही, कागद वाचण्याची आहे. म्हणून जे नोंदले गेले आहे, तेच सांगतो.

निनाद मांडवगणे नाशिकचे. तेथील भोसला सैनिकी शाळेत शिकले, पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत तयारी करून हवाई दलात गेले आणि हेलिकॉप्टरचे वैमानिक झाले.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत आपल्या विदर्भातील, बुलढाणा जिल्ह्याचे दोघे होते. २६ तारखेस आपल्या विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. २७ च्या सकाळी पाकिस्तानी विमाने चालून आली व हद्दीवर हवाई लढाई जुंपली. त्याच वेळी श्रीनगरहून निघालेले एक एम.आय.-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. आतील सहाही जण गेले, खाली जमिनीवर एक काश्मिरी गावकरीही गेला. निनाद यांचे वय अवघे ३३ होते.

आता जी गोष्ट बोलण्यास जड जाते, ती सांगतो. ते हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नाही. श्रीनगरच्या आपल्याच तळावरून सुटलेले क्षेपणास्त्र त्यास लागले. हेलिकॉप्टरात आपला-परका ओळखण्याचे यंत्र असते. रात्री राखणदाराने "कोण आहे?" म्हणून हटकावे आणि आपण ओ द्यावी, तसे ते रडारला उत्तर देते. ते यंत्र त्या वेळी बंद होते, आणि तळावरील माणसे व हेलिकॉप्टर यांच्यात निरोपांचा मेळ राहिला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. २०२३ मध्ये लष्करी न्यायालयाने एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फ करण्याची शिफारस केली.

हे ऐकून कोणी म्हणतो, मग यांस वीरमरण कसे म्हणावे? पारावर मी हे ऐकले आहे. मला ते पटत नाही. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना वेगळा असतो. मनुष्य त्या घडीला कोणत्या कामावर उभा होता, हे त्या रकान्याने बदलत नाही. शत्रूची विमाने डोक्यावर असता हा तरुण हुकुमाप्रमाणे आकाशात होता, यापलीकडे आणखी काय पाहावयाचे? चूक कबूल होण्यास सात महिने लागले, ते जास्तच झाले. परंतु ती दप्तरात दाबून ठेवली नाही, हे त्या सहा घरांवर उपकार नव्हेत, त्यांचे देणेच होते. आपल्या गडावर भोसल्यांच्या काळी कैदी ठेवीत, विहिरीचे पाणी पाजून मारीत असे म्हणतात. त्यांतील एकाचे तरी नाव आज आपणांस ठाऊक आहे काय?

१ मार्च २०१९ रोजी नाशिकला गोदाकाठी निनाद यांस लष्करी इतमामात अग्नी दिला. त्याच रात्री विंग कमांडर अभिनंदन वाघा हद्दीतून परत आले. सारा देश तिकडे पाहत होता, आणि तो आनंद खराच होता. पण गोदाकाठची चिताही त्याच लढाईची होती.

गावातील मुलांसाठी एक सांगतो. निनाद ज्या संस्थेत शिकले, ती महाराष्ट्र शासनाची आहे. दहावीनंतर तेथे प्रवेश मिळतो, त्यासाठी परीक्षा असते. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. अर्जासोबत अधिवासाचा दाखला लागतो. ज्यांना लागेल त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला व रेशनकार्ड घेऊन तुमसरला कचेरीत यावे, अर्ज मी भरून देईन.