खाडीच्या गरीला रंग कोणता?

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताची झोडणी झाली, पेंढा रचून झाला, ज्यांच्याकडे वालाची जागा आहे त्यांचा वालही पेरून झाला, की आपल्या खारेपाटातल्या माणसाला जरा उसंत मिळते. मग संध्याकाळची गरी घेऊन कुणी बांधावर जातो, कुणी उघाडीपाशी बसतो, कुणी जेट्टीवर. जिवंत कोळंबी किंवा बोईटाचं पिल्लू लावून गरवायची आपली रीत जुनी आहे आणि ती चांगलीच आहे. पण अलीकडे गावोगावची पोरं, आणि पोरंच कशाला, त्यांचे बापही, दुकानातला नकली मासा वापरू लागले आहेत. लाकडाचा, प्लॅस्टिकचा, रबराचा. त्याला लूर म्हणतात. तो लांब फेकायचा आणि चक्रीने ओढत आणायचा, म्हणजे जिताड्याला वाटतं खरा मासा पळतोय.

या लूरबद्दल एका श्रोत्याचं पत्र आलं. लिहितात, "सहा लूर आणले, अडीच हजार रुपये गेले, सगळे वेगळ्या रंगाचे. महिनाभर टाकले, एक मासा लागला नाही. घरात बोलणी खातोय. रंग चुकला का?" अडीच हजार म्हणजे युरियाच्या आठ-नऊ गोणी झाल्या. घरात बोलणी बसणारच. आणि मी त्यांना हसणार नाही, कारण हाच मार्ग मी आधी चालून आलो आहे. मी पहिल्यांदा आणलेले पाच लूर बघायला इतके सुंदर होते, की धाकट्या नातवाने ते खेळायला मागितले. जांभळा, गुलाबी, आकाशी, अंगावर ठिपके. धरमतरच्या खाडीवर आठ दिवस गेलो आणि आठही दिवस रिकामा आलो. शेजारी एक म्हातारे बाबा बसत. त्यांच्याकडे रंग उडालेला, पांढरट, दातांनी ओरबाडलेला एकच लाकडी मासा होता. त्यांनी त्या आठ दिवसांत दोन जिताडे नेले. तेव्हा कळलं, की दुकानातले रंग बरेचदा माशाला पकडण्यासाठी नसतात, आपल्याला पकडण्यासाठी असतात.

तर रंगाचं काय ते पाहू. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रंगाचा नंबर चौथा. पहिली जागा, दुसरी वेळ, तिसरी लूर किती खोल आणि किती वेगाने जातो ती. जिताडा जिथं नाहीच, तिथं सोन्याचा लूर टाका, काही व्हायचं नाही. ओहोटी लागून उघाडीतून शेतातलं पाणी खाडीत पडू लागतं, त्याबरोबर बारकी मासळी आणि कोळंबी वाहत येते, आणि जिताडा प्रवाहाच्या कडेला, खांबाच्या किंवा दगडाच्या आडोशाला तोंड करून उभा असतो. तिथं लूर गेला तर मग रंगाचा प्रश्न. पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी वेळ कोणती धरली होती ते लिहिलेलं नाही. भर दुपारी भरलेल्या, थांबलेल्या पाण्यात टाकत असतील तर रंगाला दोष देऊ नये.

आता पाण्यात रंगाचं काय होतं? उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. ऊन पाण्यात शिरलं की पाणी एकेक रंग गिळत जातं. स्वच्छ समुद्रात सगळ्यात आधी तांबडा जातो. पाच-दहा मीटर खाली गेलात की तांबडी वस्तू काळपट दिसते. मग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा सगळ्यात खोल पोचतो, म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. पण हे झालं स्वच्छ पाण्याचं. आपल्या खाडीत चिखल असतो, कुजलेला पालापाचोळा असतो, शेवाळाचे बारीक कण असतात. तिथं निळाही फार लवकर मरतो, आणि त्यातल्या त्यात टिकतो तो पोपटी-पिवळा. म्हणून माझे ते आकाशी आणि जांभळे लूर खाडीत हातभर खाली गेले की मळक्या राखाडी चिंधीसारखे दिसत असणार. बाबांचा पांढरा मात्र जो काही उजेड असेल तो परतवत होता. पांढऱ्याचं हेच आहे. त्याला स्वतःचा हट्ट नसतो, हिरव्या पाण्यात तो हिरवट दिसतो, पिवळ्यात पिवळट, पण दिसतो.

पाणी किती गढूळ आहे हे डोळ्याने सांगता येतं असं आपल्याला वाटतं, पण वरून उजेड चमकत असला की डोळा फसतो. एक सोपी युक्ती करा. घरातली जुनी पांढरी बशी घ्या, खाली वजन म्हणून दगड अडकवा आणि ती दोरीला आडवी बांधून जेट्टीवरून सोडा. बशी दिसेनाशी झाली की दोरीवर गाठ मारा आणि हाताने मोजा. ही काही माझी अक्कल नव्हे. 1865 साली इटलीतल्या सेकी नावाच्या एका पाद्री शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात अशीच पांढरी तबकडी सोडून पाहिली, आणि आजही समुद्राचा अभ्यास करणारे लोक तीच तबकडी वापरतात. आपली बशी एका हातावर दिसेनाशी झाली, तर पाणी दाट गढूळ. तीन-चार हातांवर गेली, तर मध्यम. त्याहून खाली गेली तर स्वच्छ समजावे. मात्र निसरड्या खडकावर वाकून हा उद्योग करू नये. बशी गेली तर चालेल.

गढूळपणा तिथीवरही असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी जोराने आत-बाहेर करतं आणि तळाचा चिखल उठवतं. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांगाचं पाणी संथ असतं, चिखल खाली बसतो. तिथीला पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, हा हिशोब आजोबांपासून चालत आला आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्याच हिशोबाला आता आणखी एक रकाना जोडा. उधाण असेल तर पिशवीत गढूळ पाण्याचे रंग वर ठेवा, भांग असेल तर स्वच्छ पाण्याचे.

दाट गढूळ पाण्यात पांढरा, पोपटी-पिवळा आणि सोनेरी, हे तीन पुरे. त्यात लूर जरा जाडा असावा आणि आत खुळखुळणाऱ्या गोळ्या असाव्यात, कारण अशा पाण्यात मासा डोळ्यापेक्षा अंगाने जास्त ओळखतो. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पाण्यातला हलका धक्काही कळतो. मध्यम पाण्यात सोनेरी पोटाचा आणि गडद पाठीचा चांगला. पहिल्या पावसानंतर जांभ्या दगडाची तांबडी माती धुऊन खाडीत येते, तेव्हा पाण्यात निळा-हिरवा उजेड फारसा राहत नाही. त्या दिवसांत तांब्याच्या रंगाचा, नारिंगी किंवा सोनेरी लूर दिसतो. तसं पुराचं पाणी जोरात असताना खाडीवर जाऊच नये असं माझं मत आहे, पण जाणारे ऐकत नाहीत म्हणून सांगितलं.

स्वच्छ पाण्याला नियम उलटा. मालवण-वेंगुर्ल्याकडे थंडीत खडकाळ किनाऱ्यावर पाणी नितळ असतं. तिथं भडक रंग म्हणजे लग्नाचा बँड. मासा लांबून बघतो, जवळ येतो, नीट न्याहाळतो आणि परत जातो. तिथं बारका, रुपेरी, पाठीवर निळसर-हिरवट झाक असलेला, म्हणजे तारलीसारखा लूर हवा. तारली, बांगडा, बोईट यांची पाठ गडद आणि पोट रुपेरी का असतं? वरून पाहणाऱ्याला पाठ तळाशी मिसळते, खालून पाहणाऱ्याला पोट आभाळाशी मिसळतं. आपला लूर तसा असला की तो खरा वाटतो.

आता रात्रीचं. पुष्कळांना वाटतं अंधारात चमकणारा लूर पाहिजे. उजेड कमी झाला की माशाच्या डोळ्यालाही रंग कळत नाहीत, नुसतं काळं-पांढरं कळतं, जसं चांदण्यात आपल्याला आपल्याच सदऱ्याचा रंग सांगता येत नाही. जिताड्याचा डोळा बॅटरीच्या झोतात निखाऱ्यासारखा लाल चमकतो हे तुम्ही पाहिलं असेल. आतला पडदा थोडा उजेडही परतवून दोनदा वापरतो, म्हणून त्याला रात्री आपल्याहून बरंच दिसतं. तो खालून वर पाहतो. वर आभाळ कितीही अंधारं असलं तरी पाण्यापेक्षा उजळ असतं, आणि त्यावर काळ्या लूरची आकृती सगळ्यात ठसठशीत उमटते. म्हणून चांदण्या रात्री किंवा तिन्हीसांजेनंतर पृष्ठभागाजवळून ओढायचा असेल तर काळा किंवा गडद तपकिरी लूर लावा. हे ऐकून लोक मान हलवतात आणि मग पांढराच लावतात! जेट्टीवर दिवा असेल तर गोष्ट वेगळी. दिव्याखाली बारकी मासळी जमते आणि मोठा मासा सावलीच्या कडेला दबा धरतो. तिथं पांढरा, रुपेरी किंवा अर्धपारदर्शक लूर उजेडातून सावलीकडे न्यावा.

लाल डोकं आणि पांढरं अंग असलेला लूर तुम्ही दुकानात पाहिला असेल. तो जगभर चालतो, आणि त्यात जादू काही नाही. खाली लाल काळपट होतो आणि डोकं व अंग यांत ठळक फरक दिसतो. एकच लूर घ्यायला पैसे असतील तर मी खाडीसाठी हाच घेईन. उलट गुलाबी कोळंबी हा निव्वळ आपला गैरसमज. कोळंबी गुलाबी होते ती चुलीवर चढल्यावर. जिवंत कोळंबी मातकट-हिरवट, जवळजवळ आरपार दिसणारी असते. जिताड्याने शिजलेली कोळंबी कुठं पाहिली आहे? गुलाबीलाही कधी मासा लागतो, नाही असं नाही, पण त्यासाठी पाचशे रुपये देऊ नयेत.

पैशाचं म्हणाल तर घरीच बनवावं. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या मच्छीमाराने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्याचा लेप दिला. आज त्याच्या नावाचे लूर जगभर विकले जातात. आपल्याकडे पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि कोरायला मऊ आहे. मधोमध आरपार तार घाला, म्हणजे लाकूड फुटलं तरी मासा सुटणार नाही. चांदीचा कागद चिकटवा, पाठ रंगवा, वर वॉर्निशचे दोन हात द्या. आणि जे लूर आधीच घेतले आहेत ते फेकू नका. पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी घरातून नखांचं पॉलिश मागून घ्यावं, विचारून घ्यावं, आणि दोन लूर पांढरे, एक सोनेरी, एक काळा करून टाकावा. लाल पॉलिश तर घरात असतंच, त्याने एका पांढऱ्याचं डोकं रंगवावं.

मग खरा रंग कोणता हे तुमच्या खाडीलाच विचारायचं. बियाण्याची चाचणी घेताना आपण दोन वाफ्यांना खत सारखं, पाणी सारखं देतो आणि बियाणं तेवढं बदलतो. इथंही तसंच. एकाच आकाराचे, एकाच वजनाचे दोन लूर, रंग तेवढा वेगळा. एकाने वीस फेकी, दुसऱ्याने वीस फेकी, जागा तीच. पुढच्या दिवशी क्रम उलटा करावा. वहीत तिथी, भरती की ओहोटी, बशी किती हातांवर दिसेनाशी झाली, रंग, आणि मासा लागला की नुसता धक्का बसला, एवढं लिहावं. मी चार वर्षं लिहितोय. माझ्या जागेवर ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत पांढरा आणि लाल-पांढरा पुढे आहेत, तिन्हीसांजेनंतर काळा. तुमच्या उघाडीवर वेगळं निघू शकेल.

मोठ्या जिताड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते, म्हणजे फार मोठा लागला तर ती अंड्यांची मादी असण्याचा संभव जास्त. ठेवायचा की सोडायचा ते तुम्ही ठरवा. मी मधल्या आकाराचा घरी आणतो.

घरी आल्यावर लूर गोड्या पाण्यात बुडवून काढा आणि सावलीत वाळवा. खाऱ्या पाण्याने गळ गंजतात आणि गंजाचे डाग रंगावर चढतात. वाळल्यावर लूर पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच टांगून ठेवा, गळ तिहेरी असतात.