मेरुरज्जूतील दोन वाटा



माडावरून पडलेल्या माणसाचा उजवा पाय हलत नाही. टोचल्याची वेदना मात्र डाव्या पायास कळत नाही. यात नवल नाही. मेंदूची आज्ञा नेणारे बहुतेक तंतू लंबमज्जेतच बाजू बदलून मेरुरज्जूत उतरतात. वेदनेचे तंतू रज्जूत शिरल्यावर लवकरच पलीकडे जाऊन वर चढतात. म्हणून रज्जूची उजवी बाजू दुखावली की असे घडते. ब्राउन-सेकार यांनी १८५० च्या सुमारास हे दाखवून दिले.

सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या या रज्जूतील तुटलेले तंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत. यास्तव जखमीस बसवू नये, खांद्यावर टाकू नये. १०८ क्रमांकावर कळवावे. हलविणे अटळच असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सपाट फळीवरून न्यावे.