युद्धाचे मथळे आणि आमची खाडी



आम्ही कुवेतहून आलो आहोत. आम्ही म्हणजे तिथली चार-पाच मराठी घरं, जी दर शुक्रवारी मुलांना मराठी शिकवायला एकत्र जमतात. भाषणाचं काम बाईंकडे आलं, कारण प्राथमिक शाळेतल्या बाईंना माईक लागत नाही, असा सर्वांचा समज आहे. बरोबर आणलीय ती जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांची पिशवी. 1990 सालच्या युद्धाची. आमच्यातले काही तेव्हा कुवेतमध्ये अडकले होते आणि काही गावी ओटीवर बसून पेपरची वाट पाहत होते. ही कात्रणं वाट पाहणाऱ्यांनी जपली. जे अडकले होते त्यांना पेपर मिळतच नव्हता.

2 ऑगस्ट 1990, गुरुवार. पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. मराठी पेपरांनी या लढाईला नाव दिलं आखाती युद्ध. हिंदी पेपरांनी आणि दूरदर्शनच्या हिंदी बातम्यांनी म्हटलं खाडी युद्ध. आता हिंदीत खाडी म्हणजे आखात, पण आपल्या कोकणात खाडी म्हणजे घरामागची, भरतीला पाणी चढणारी, खेकड्यांची. आमच्या एका आजीबाईंनी खाडीत युद्ध लागल्याचं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मग आज होड्या गेल्या नाहीत काय रे?" तिला नकाशा काढून दाखवला. तिनं तो नीट पाहिला आणि म्हणाली, "एवढंसं गाव, आणि त्यासाठी एवढा पेपर!"

आजीचं अगदीच चूक नव्हतं. त्या एवढ्याशा देशाचं मथळ्यांत रोज बारसं होत होतं. आधी ते अमिरात होतं. दोन-चार दिवसांत तिथं नवं 'सरकार' आलं, मग ते प्रजासत्ताक झालं, 8 ऑगस्टला इराकनं ते आपल्यात विलीन केल्याचं जाहीर केलं आणि 28 ऑगस्टला तो इराकचा एकोणिसावा प्रांत ठरला. महिनाही पुरा झाला नव्हता. भूगोल शिकवणाऱ्यांनी काय करावं? आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी फळ्यावर कुवेत लिहिलं, पुढे कंस काढला आणि कंस रिकामा ठेवला. आम्हाला विचाराल तर त्या महिन्यातलं सर्वांत प्रामाणिक लिखाण तेच.

कुवेतमधली वर्तमानपत्रं बंद पडली होती. ताबा घेणाऱ्यांनी 'अल-निदा' नावाचं आपलं पत्र काढलं. निदा म्हणजे हाक. हाकेला ओ कोण देणार? पण कागद बरा होता, खबुस गुंडाळायला चालायचा, असं आमच्यातले जुने लोक सांगतात. खबुस म्हणजे तिथली रोटी. ती मिळवायला पहाटेपासून रांग असायची, त्यामुळे बातमीपेक्षा रोटीला मान होता.

इकडे भारतात पहिल्या पानावर जागेची मारामारी. 7 ऑगस्टला पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली आणि कुवेत घसरून खालच्या घडीत गेलं. ज्यांचा माणूस तिकडे होता त्या घरांत पेपर खालून वर वाचायची सवय लागली. एका काकूंना तर वाटलं, हे मंडल म्हणजे कुवेतचं महाराष्ट्र मंडळ, आणि लोकांना सोडवून आणायला तेच काहीतरी करतंय!

मग परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेननी त्यांना मिठी मारली आणि तो फोटो जगभर छापला गेला. टीकाही खूप झाली. आमच्या घरांत मात्र त्या फोटोवर वेगळीच चर्चा रंगली. एक आत्या म्हणाली, "मिठी मारतोय म्हणजे माणसं सोडेल." आजोबा म्हणाले, "अफझलखानानंही मारली होती." दोन्ही पक्ष जेवणापर्यंत भांडले. फोटो आमच्या पिशवीत आहे, डाळीच्या डागासकट.

माणसं सुटली. बसनं बसरा, बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मान, आणि अम्मानहून विमानानं मुंबई. एअर इंडियाची 488 उड्डाणं, ऑगस्ट ते ऑक्टोबर, लाखाहून जास्त माणसं. मथळ्यात रोज आकडा असायचा, आज इतके आले, काल तितके. तुमच्या पणजोबांची नावं जहाजाच्या यादीत जशी क्रमांकासकट लिहिली गेली, तसेच आमचे लोक आकडा होऊन उतरले. फरक इतकाच की तुमचे लोक करारावर अंगठा उठवून निघाले आणि आमचे करार मागे टाकून आले. अॅग्रीमेंटचं तुमच्या लोकांनी गिरमिट केलं. आमच्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं लाकडाला भोक पाडायचं हत्यार. दोन्ही अर्थ जवळचेच म्हणायचे!

आमच्यातले एक मामा असेच उतरले. अंगावर एक शर्ट, खिशात कुवेती दिनार. कुवेती दिनारची किंमत इराकनं आधी आपल्या दिनाराएवढी केली आणि मग तो चलनातूनच काढला. अकरा वर्षांची कमाई, आणि मुंबईत टॅक्सीवाला ती नोट उलटीसुलटी करून म्हणाला, "साहेब, हे चित्र छान आहे."

जानेवारी 1991 मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला. सद्दामनं 'उम्म अल-मआरिक' म्हटलं आणि जगभरच्या पेपरांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं, सर्व लढायांची आई! अरबीत उम्म म्हणजे आई हे खरं, पण थोर, सर्वांत मोठी असंही त्यातून सुचवतात. मराठीत ती 'जननी' झाली आणि मग थांबेना. सर्व परीक्षांची जननी, सर्व लोकलगर्दीची जननी. आमच्या घरी सासूबाईंना कोणी काय म्हटलं ते इथं सांगत नाही, त्या समोरच बसल्या आहेत.

ती जननी फेब्रुवारीअखेर आटोपली. पण सहाशेहून अधिक तेलविहिरी जळत राहिल्या, शेवटची विझली 6 नोव्हेंबर 1991 ला. मथळे केव्हाच दुसरीकडे वळले होते. जे परत गेले त्यांनी भर दुपारी दिवे लावून स्वयंपाक केला आणि वाळत घातलेले कपडे काळे होऊन आत आणले. गंमत बघा, दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, याच बुरगानच्या विहिरी सिमेंट ओतून बंद करून ठेवल्या होत्या. तेव्हा तेलाला बूच, आता तेलाला काडी.

2003 मध्ये पुन्हा भोंगे वाजले. खिडक्यांना टेप, दाराखाली ओले टॉवेल. शाळा बंद. करमणुकीला इराकचे माहितीमंत्री अल-सह्हाफ होते. बगदादमध्ये अमेरिकन नाहीतच, असं ते टीव्हीवर ठासून सांगत, आणि रणगाडे तर शहरात शिरलेले! आमच्या वर्गात आजही गृहपाठ न आणणारा मुलगा "बाई, केलाय, घरी आहे" म्हणाला की मागून कोणीतरी म्हणतं, "सह्हाफ!" या मुलांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण घरात शब्द टिकतात.

मामा 1992 मध्ये पुन्हा कुवेतला गेले, त्याच दुकानात. नुकसानभरपाईचे फॉर्म भरले होते, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून पैसे बऱ्याच वर्षांनी आले. त्यातून त्यांनी गावच्या घरावर कौलं बदलून घेतली. आजी तोवर नव्हती.

कात्रणं बाहेर टेबलावर मांडली आहेत. हात लावा, वाचा, फक्त चहाचा कप लांब ठेवा.