बालशिक्षिकेची कंबर

डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोम शहरात पहिले बालगृह उघडले आणि मुलांच्या उंचीला साजेशी मेजे, त्यांना स्वतः उचलता येतील अशा खुर्च्या ही बालशिक्षणाची आवश्यक सामग्री ठरविली. तीच दृष्टी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, तेथील दारिद्र्यालाही परवडेल अशा साधनांनिशी, आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. बालकाच्या मापाचे जग उभे राहिले, हे या थोर कार्याचे यश होय. परंतु त्या जगात वावरणाऱ्या पूर्ण उंचीच्या शिक्षिकेसाठी, पाठ टेकता येईल असे एखादे बसके आसन आजही बालवाडीच्या सामानाच्या यादीत क्वचितच आढळते.

बाईंची सकाळ पाहावी. चपलेचा बंद लावण्यासाठी वाकायचे, नाक पुसण्यासाठी वाकायचे, सतरंजीवर सांडलेले मणी वेचायचे; रडून अंग टाकून देणारे बारा-तेरा किलोंचे मूल कडेवर घ्यायचे, आणि त्याचे हुंदके थांबतात न थांबतात तोच कोपऱ्यातले भांडण सोडवायला धावायचे. कमरेतून पुढे वाकले म्हणजे धडाचा भार तोलण्यासाठी पाठीचे स्नायू ताणले जातात आणि त्यांच्या ओढीने खालच्या मणक्यांमधील चकत्यांवर दाब येतो. उचललेले मूल अंगापासून जितके दूर, तितका हा दाब अधिक. म्हणून गुडघे वाकवून खाली बसावे, मुलाला छातीशी घ्यावे आणि मगच उठावे.

उसण भरली म्हणून आठवडाभर अंथरूण धरणे मात्र हिताचे नाही. बहुतेक दुखणी हिंडतेफिरते राहिल्याने काही आठवड्यांत ओसरतात. पायातील शक्ती कमी झाली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘बाईमाणसाची कंबर दुखायचीच’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे दुखणे पुष्कळ अंशी कामाच्या मांडणीतून उद्भवते, आणि कामाची मांडणी ही चालकांची जबाबदारी आहे. माझी संस्थाचालकांना आग्रहाची विनंती आहे, की जूनपूर्वी सामानाची मागणी मंजूर करताना प्रत्येक वर्गामागे पाठ असलेल्या एका बसक्या खुर्चीची तरतूद करावी, जड खोकी कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवावीत, आणि मदतनीस बाईंनाही तशीच खुर्ची द्यावी.