निवृत्तीचे घर आणि सोमवारची सकाळ

पन्नाशी जवळ आली की नोकरदार माणसाच्या मनात एक चित्र डोकावू लागते. डोंगर, पाणी आणि टुमदार घर. मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी वसवलेल्या लवासाने हे चित्र अनेकांना दाखवले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने तिथले काम थांबले, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली. पण ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे भरलेले अनेक जण घराच्या ताब्याची वाट पाहत राहिले.

मुदतीआधी निवृत्त होणाऱ्याला अशी वाट पाहणे परवडत नाही. पगार थांबतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून सारी पुंजी एका घरात अडकवू नका. दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची तरतूद आधी बाजूला काढा.

आणि नोकरी सोडण्यापूर्वीच सुट्टीच्या दिवशी आपले पुढचे काम करून पाहा. मुलांना शिकवणे असो, बागकाम असो की गावचे वाचनालय. वर्षभर त्यात मन रमले, तरच राजीनाम्याचा विचार करा. घर कुठे घ्यायचे, हे मग ठरवता येईल. सोमवारी सकाळी उठून काय करायचे, हे मात्र आधी ठरायला हवे.