थंडीतील धाव

पौष महिन्यातील पहाट. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात रस्त्यावरचे दिवे अद्याप विझलेले नसतात. अशा वेळी एखादा गृहस्थ कानटोपी ओढून, जाड स्वेटर चढवून धावण्यास निघतो. अर्ध्या तासाने तो घामाने निथळत परततो, वाटेत चहाच्या टपरीपाशी थांबतो, आणि पाहता पाहता त्याला हुडहुडी भरते. घरी आल्यावर तो सारा दोष थंडीला देतो. परंतु हा दोष थंडीचा की त्याच्या अंदाजाचा, याचा विचार होणे इष्ट आहे.

शहाजीराजांच्या काळापासून मराठी माणसास बंगळूर परके नाही. २००७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या महादेवपुऱ्यातही नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात पौष-माघातील पहाटे पारा बहुधा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. १८८४ च्या जानेवारीत तो ७.८ अंशांपर्यंत खाली गेल्याची नोंद आहे. पण तो अपवाद होय. निफाडच्या द्राक्षबागांत ५ अंशांखालची थंडी सोसलेल्या मनुष्यास येथील गारव्याचे हसू येते, तर रत्नागिरीहून आलेल्यास त्याच गारव्यात दोन पांघरुणे लागतात. दोघांचाही अनुभव खरा. धावण्यास मात्र दोघांचाही अंदाज पुरेसा नाही.

कारण धावणारे शरीर ही एक भट्टीच असते. स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच लांबच्या धावेला गारवा अनुकूल ठरतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, तेव्हा तेथील हवा थंड व पावसाळी होती. शर्यतीचे अंतरही नेहमीहून अधिक, म्हणजे पाऊण किलोमीटर कमी ४३.५ किलोमीटर होते. तरीही जगातील निवडक धावपटूंत त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला.

यावरून पोशाखाचा नियम सहज ध्यानात येतो. घराबाहेर पडताना किंचित थंडी वाजावी, इतकेच कपडे अंगावर असावेत. सुती गंजिफ्राक घाम शोषून ओला राहतो. त्यापेक्षा लवकर वाळणाऱ्या कापडाचा पातळ सदरा बरा. वर एखादे हलके जाकीट असावे, ते वाटेत काढून कमरेस बांधता येते. हिवाळ्यात बंगळूरला वारा बहुधा पूर्वेकडून येतो. म्हणून जाताना पूर्वेस तोंड करून वारा समोरून घ्यावा व येताना तो पाठीशी ठेवावा, म्हणजे घामेजलेल्या छातीवर त्याचा मारा होत नाही. खरी थंडी बाधते ती थांबल्यावर. म्हणून चहापूर्वी कोरडा सदरा, हा क्रम चुकवू नये. थंडीत तहान कमी जाणवते, परंतु घाम जातच असतो. तेव्हा पाण्याचा विसर पडता कामा नये.

याहून गंभीर अशा दोन गोष्टी आहेत. पहिली धुराची. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि वरच्या उबदार थराखाली कोंडून राहते. वाहनांचा आणि जाळलेल्या पाचोळ्याचा धूर त्यामुळे वर न जाता माणसाच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो. धावणारा मनुष्य तर एरवीच्या कितीतरी पट हवा छातीत ओढतो. म्हणून बाह्य वळणरस्त्याच्या कडेने धावण्यापेक्षा कुंदलहळ्ळी वा कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याकाठची वाट धरणे शहाणपणाचे. जानेवारीत येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. शक्य असेल त्याने तोवर थांबावे. अंधारात निघणे भागच असेल, तर फिकट, चकाकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालावेत आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. दम्याच्या रुग्णाने आपले औषध जवळ ठेवावे व दाट धुक्याच्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

दुसरी गोष्ट हृदयाची. गारव्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृदयावरील भार वाढतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीच्या मनुष्याने अंथरुणातून उठून एकदम वेगाने धावत सुटणे, हे म्हणूनच धाडस नव्हे, अविचार होय. प्रथम दहा मिनिटे चालावे, मग संथ धावावे. अनेक वर्षे व्यायाम सुटलेला असल्यास, अथवा रक्तदाब वा मधुमेह असल्यास, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दाब वाटला, डावा हात वा जबडा दुखू लागला, भोवळ आली, तर तेथेच थांबावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. सोबत्यांसमोर कमीपणा येईल म्हणून पुढे रेटलेली चार पावले फार महाग पडू शकतात.

थंडी ही धावणाऱ्याची वैरीण नव्हे. महादेवपुऱ्यातील तो गृहस्थ उद्या स्वेटर घरी ठेवील, दहा मिनिटे चालून मग धावेल, मोठा रस्ता सोडून तळ्याकडे वळेल आणि घरी आल्यावर आधी सदरा बदलील. त्याच पहाटेचा तोच गारवा मग त्याला सुखाचा वाटेल, आणि घरची माणसे निश्चिंत मनाने त्याच्यासाठी दार उघडतील.